दुधाची बशी, केळ्याची पेज आणि वारुळाचं ढेकूळ

हे प्रकरण सातपुड्याच्या पायथ्याचं आहे, चोपडा तालुक्याच्या उत्तरेकडच्या एका गावातलं. गावाची आणि माणसांची नावं बदललेली नाहीत, दिलेलीच नाहीत. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि घरात निघालेले साप पकडून रानात सोडतो, एवढी ओळख पुरे. प्राणी होता खवले मांजर. चौथ्या रात्रीपर्यंत तो आमच्या ताब्यात होता. पहिल्या दोन रात्री त्याच्यापुढे जे खायला ठेवलं, ते आम्ही त्याचं नाव ऐकून ठेवलं. त्याच्याकडे बघून नाही.

पार्श्वभूमी

आमच्याकडे डोंगर उतरला की लगेच काळी जमीन सुरू होते. ठिबकवरची केळी, मधे कपाशीचे तुकडे, आणि शेवटचा बांध ओलांडला की वनखात्याची हद्द. रात्री रानडुकरं उतरतात आणि केळीचे कंद उकरून टाकतात. त्यांच्यासाठी कोणी झटका मशीन लावतं, कोणी जुन्या साड्या बांधून कुंपण करतं. आणि कोणी गुपचूप बांधाच्या फटीत मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास लावतं. तो फास डुकराची वाट बघत असतो, पण डुकराला ओळखत नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. पहाटे साडेपाचला सालदार व्हॉल्व्ह फिरवायला गेला. हा पावरा समाजातला माणूस, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराच्या कामाची बोली ठरवून आलेला. बांधाशी त्याला फुटबॉलएवढा, मातकट, खवल्याखवल्यांचा गोळा दिसला. मागचा डावा पाय वायरीत होता. गोळा हलत नव्हता, पण श्वास चालू होता.

सालदारानं मालकाला उठवलं. मालकाला गाव अप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो. अप्पा आले, बघितलं, आणि अर्धा तास बांधावर नुसते बसून राहिले. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते नंतर त्यांनीच सांगितलं. हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड, हे त्यांना आकड्यांसकट ठाऊक नव्हतं. पण ‘केस होते’ एवढं पक्कं ठाऊक होतं. फास त्यांच्या बांधावर होता. त्यांनी लावला नव्हता असं ते म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे, पण पुरावा नाही.

शेवटी त्यांनी वनखात्याला नाही, मला फोन केला. त्यांचा मुलगा माझ्याकडे बारावीला होता. मी वनरक्षकांना फोन करून गाडी काढली आणि आम्ही दोघं पोचलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. पावणेतीन तास प्राणी वायरीतच होता.

अडचण

चाळीसेक माणसं जमली होती. कोणी काठीनं टोकरत नव्हतं, ही गावाची माणुसकी. पण प्रत्येकाच्या हातात फोन होता. गोळ्यासमोर एक स्टीलची बशी होती आणि तिच्यात दूध. एक आजी सारखी म्हणत होती, ‘मांजर शे ना, मंग दूध द्या त्याले.’ कोणीतरी दिलं होतं. दुधात एव्हाना दोन माशा पडल्या होत्या.

वनरक्षकांनी पक्कडीनं वायर तोडली. पायाची कातडी गोल कापली गेली होती, आत लालभडक मांस दिसत होतं, पण पाय ताठ नव्हता. गोणपाटात घालून केळी तोलायच्या काट्याला टांगलं. गोणपाट वजा करून नऊ किलो चारशे ग्रॅम भरलं. प्रौढ वाटत होतं.

ही जात म्हणजे भारतीय खवले मांजर. डोक्यापासून बुडापर्यंत साधारण दीड-दोन फूट, त्यामागे जवळजवळ तेवढीच जाड शेपटी. अंगावर दीडशे-दोनशे खवले, आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे. धोका दिसला की ते डोकं पोटात खुपसून शेपटीनं कडी लावतं. पळत नाही, चावतही नाही. चावणार कशानं? तोंडात एकही दात नाही. वाघाच्या तोंडात न मावणारी ही युक्ती माणसापुढे मात्र उलटते, कारण माणूस गोळा उचलून पोत्यात टाकू शकतो.

तालुक्याच्या दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर आले. त्यांची हयात गाई-म्हशींत गेलेली. दहा मिनिटं ते फक्त बघत होते. मग मला म्हणाले, ‘सर, सुई घालू कुठं?’ प्रश्न अगदी रास्त होता. जोर लावून उलगडायचं नाही, एवढं वनरक्षकांना माहीत होतं. खोलीत अंधार केला, सगळ्यांना बाहेर काढलं. चाळीस मिनिटांनी कडी आपोआप सैल झाली आणि मागचा पाय बाहेर आला. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध लावलं आणि दोन खवल्यांच्या मधल्या मऊ जागेत इंजेक्शन दिलं. हाड शाबूत होतं. जखम भरायला चार-पाच दिवस देखरेख लागेल, असं त्यांचं मत पडलं.

पायाची अडचण इथं सुटली. आता चार-पाच दिवस त्याला खायला काय घालायचं, हा प्रश्न उरला आणि तो माझ्याकडे आला. कारण मी ‘सर’.

नावांचा घोळ

इथं थोडं थांबतो, कारण माझी चूक इथंच झाली.

आजींनी ‘मांजर’ शब्द ऐकला आणि दूध ठेवलं. मी मनात हसलो. मग घरी जाऊन मी काय केलं? मला शाळेपासून एक शब्द पाठ होता: मुंगीखाऊ. तो इंग्रजीत करून फोनवर आहार शोधला. भराभर माहिती आली. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांत मुंगीखाऊंना भिजवलेलं गोळीखाद्य देतात, वर ॲव्होकॅडो कुस्करतात, त्यांना ते फार आवडतं. सगळं खरं होतं. फक्त ते दक्षिण अमेरिकेतल्या महामुंगीखाऊबद्दल होतं.

चोपड्यात ॲव्होकॅडो कुठून आणू? केळी मात्र हवी तेवढी. मी केळी, उकडलेलं अंडं आणि कुत्र्याचं गोळीखाद्य एकत्र कुस्करून पातळ पेज केली आणि मोठ्या आत्मविश्वासानं खोलीत ठेवली. सकाळी पेज जशीच्या तशी, वर सुरकुतलेली साय. आजींनी जे केलं तेच मी केलं होतं. फरक इतकाच, की माझ्याकडे पदवी होती.

महामुंगीखाऊ आणि खवले मांजर दिसायला एकाच धंद्यातले: लांब मुस्कट, दात नाहीत, पुढच्या पायांना कुदळीसारखी नखं, आणि जीभ अशी की तिचं मूळ गळ्यात नाही, खाली छातीच्या हाडाशी. पोट जाड स्नायूंचं, खडे-मातीसकट दळणारं. कोणालाही वाटावं, हे सख्खे भाऊ. प्राण्यांची वर्गवारी करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञालाही वाटलं. १७५८ च्या आपल्या ग्रंथात त्यानं खवले मांजर, मुंगीखाऊ आणि झाडाला लटकून राहणारा संथ स्लॉथ यांना एकाच गणात कोंबलं, आणि त्याच खोलीत हत्तीलाही जागा दिली. पुढे क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या काळात ‘दंतहीन’ असा गट झाला. त्यातून हत्ती गेला, पण मुंगीखाऊ आणि खवले मांजर एकत्रच राहिले. दात नसणं ही दोघांची समान खूण धरली गेली. पण नसलेल्या गोष्टीवरून नातं ठरवणं जरा धोक्याचंच. गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडात दात नाहीत, म्हणून ते एका कुळातले होत नाहीत.

आजची मांडणी वेगळी आहे. मुंगीखाऊंचे खरे नातलग स्लॉथ आणि अंगावर कवच असलेला आर्माडिलो. या तिघांच्या कण्यातल्या मणक्यांना जादा सांधे असतात, आणि त्यांची सगळी वंशावळ दक्षिण अमेरिकेतली. खवले मांजराच्या कण्यात तसे सांधे नाहीत. त्याचा गण स्वतंत्र, जाती आठ मानल्या जातात, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. जनुकांवरून नातं तपासलं तेव्हा त्याचा सर्वांत जवळचा शेजारी निघाला मांसाहारी गण: कुत्रा, अस्वल, आणि हो, मांजर. म्हणजे ज्या कोणा मराठी माणसानं याला पहिल्यांदा ‘मांजर’ म्हटलं, तो लिनियसपेक्षा सत्याच्या जवळ होता. त्यानं ते विचार करून म्हटलं असेल असं नाही, पण श्रेय द्यायला काय जातं?

मुंग्या खाण्याचा धंदा निसर्गात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. सस्तन प्राण्यांत तो किमान बारा वेळा स्वतंत्रपणे सुरू झाला, असं २०२५ मधल्या एका अभ्यासात मांडलं आहे. आफ्रिकेतलं आर्डवार्क मुंग्या-वाळवी खातं आणि नात्यानं हत्तीच्या बाजूला बसतं. ऑस्ट्रेलियातला नंबॅट कांगारूसारख्या पोटपिशवीवाल्यांच्या गटातला, जरी त्याला स्वतःला पिशवी नसते. एकिडना तर अंडी घालतो. आर्डवुल्फ हा तरसाच्या घरातला, पण वाळवीवर जगतो. आणि लांब कशाला, आपल्या सातपुड्यातलं अस्वल घ्या. वारूळ फोडून वाळवी ओढून घेण्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते अक्षरशः फुर्रकन ओढतं. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला त्याची नखं बघून वाटलं की हा स्लॉथच, आणि त्यानं नावही तसंच ठेवलं. म्हणून इंग्रजीत आमचं अस्वल अजून त्या आळशी प्राण्याचं नाव मिरवतं.

सांगायचं ते हे. वंश बरोबर ओळखला असता तरी माझी पेज चुकलीच असती. ‘मांजराचा नातलग’ हे खरं आहे, पण म्हणून दूध चालत नाही. ‘मुंगीखाऊ’ हेही खरं, पण धंदा एक असला तरी गिऱ्हाईक आणि माल वेगळा. महामुंगीखाऊ नव्या अन्नाला तुलनेनं सरावतो. खवले मांजर ताटलीकडे ढुंकून बघत नाही. तैपेईच्या प्राणिसंग्रहालयानं वर्षानुवर्षं खटपट करून मधमाश्यांच्या अळ्या, सफरचंद वगैरे मिसळलेलं खाद्य बसवलं, तेही तिथल्या चिनी खवले मांजरासाठी. भारतीय जातीसाठी ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००९ पासून प्रजनन केंद्र आहे. त्यांच्या हाताशी अनुभव आहे, मुंग्यांचा पुरवठा आहे. आमच्या हाताशी केळी होती.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी दुपारी वनखात्याच्या खोलीत आम्ही चौघं बसलो: वनपरिक्षेत्र अधिकारी, वनरक्षक, डॉक्टर आणि मी. तीन वाटा होत्या.

लगेच सोडणं. प्राणी रानात गेला तर खाईल, हे पक्कं. पण उघडी जखम घेऊन तो बीळ खोदणार, मातीत जाणार. डॉक्टर तयार नव्हते.

मोठ्या शहरातल्या उपचार केंद्रात पाठवणं. तिथं तज्ज्ञ, क्ष-किरण, सगळं. पण रस्त्यानं कित्येक तास, दिवसाचं ऊन, गाडीचे धक्के. खवले मांजर ताणानं दगावतं, हे वाचून सगळेच धास्तावले होते. शिवाय एकदा गेलेला प्राणी परत याच रानात येईल याची खात्री कोणी देईना.

इथंच ठेवणं आणि उपचार पुरे करणं. यात अडचण एकच, पण मोठी: दोन दिवसांत त्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

आम्ही तिसरी वाट धरली, पण एक अट घालून: वजन नऊ किलोच्या खाली गेलं तर जखम कशीही असो, सोडायचं. ही अट डॉक्टरांनी सुचवली. आजही मला ती बैठकीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते, कारण तिनं ‘अजून एक दिवस बघू’ या आपल्या आवडत्या वाक्याला कुंपण घातलं.

शहरातल्या तज्ज्ञांना फोनवर विचारायचं मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही. प्राणी पाठवायचा नाही म्हणजे संपर्कही करायचा नाही, असा जणू आमचा समज झाला होता.

काय केलं

दुसऱ्या संध्याकाळी मी खोलीच्या मागे हात धूत होतो. सालदार चारा टाकायच्या निमित्तानं आला होता. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाला, ‘सर, ते बशीत नाही खाणार. त्याचं नाक मातीत गेल्याशिवाय जीभ बाहेर येत नाही.’

मी विचारलं, ‘दादा, मग काल सकाळीच का नाही सांगितलं?’

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘साहेब होते ना.’

मला उलगडायला दोन मिनिटं लागली. तो लहान असताना त्याच्या घरी हा प्राणी खाल्लेला होता. तो कुठे राहतो, काय खातो, कोणत्या वेळी निघतो, हे त्याला वडिलांकडून कळलं होतं, आणि वडील ते शिकारीसाठी शिकले होते. खाकी कपड्यांसमोर ‘मला माहीत आहे’ म्हणणं म्हणजे ‘कसं माहीत?’ या प्रश्नाला बोलावणं. अप्पांना केसची भीती, यालाही केसची भीती. दोघांच्या भीतीची किंमत प्राणी मोजत होता: एकीनं पावणेतीन तास, दुसरीनं दोन रात्री.

मी वनरक्षकांशी एकट्यानं बोललो. ते याच भागातले, समजूतदार. म्हणाले, ‘सर, तीस वर्षांपूर्वी कोण काय जेवलं ते मी विचारत नाही. त्याला उद्या घेऊन या.’

तिसऱ्या दिवशी सकाळी सालदार आम्हाला ओढ्याच्या काठानं घेऊन गेला. वारुळं आपण सगळेच बघतो, पण त्यानं एक वारूळ सोडलं, दुसरं सोडलं. तिसऱ्यावर कान लावून हातानं थोपटलं आणि म्हणाला, हे भरलेलं आहे. कुदळीनं वारुळाच्या कुशीतून हातभर ढेकूळ काढलं. आत मधाच्या पोळ्यासारखी पांढुरकी बुरशीची बाग आणि तिच्यात वळवळणारी उधई, म्हणजे वाळवी. उरलेलं वारूळ मातीनं लिंपून टाकलं. ते पूर्ण का खणायचं नाही, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. महामुंगीखाऊही एका वारुळावर जेमतेम मिनिटभर थांबतो आणि ते मोडायच्या आत पुढे जातो. उद्याची भाकरी आज खायची नसते, एवढं त्यालाही कळतं.

ढेकूळ घमेल्यात, वर ओलं गोणपाट. शिवाय एका कुजक्या ओंडक्यातलं मोठ्या काळ्या मुंगळ्यांचं घर, अंड्यांसकट. मुंगळे का, हे मी त्याच रात्री वाचलं: पाकिस्तानच्या पोठोहार पठारावर याच जातीच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात काळे मुंगळे आणि उधई हेच दोन मोठे घटक निघाले. सालदारानं तो अभ्यास वाचला नव्हता.

खोलीत टोपलंभर माती पसरली, ढेकूळ अर्धं पुरलं, ओंडका भिंतीला टेकवला आणि पाण्याचं उथळ भांडं ठेवलं. मग एक फजिती. मुंगळ्यांनी रात्री दाराच्या फटीतून बाहेर मोर्चा काढला. बाहेर वनरक्षक कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडून बसले होते. पुढची दहा मिनिटं त्यांनी जे काही म्हटलं ते इथं देत नाही.

सव्वा वाजता आतून खरखर ऐकू आली. मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधला होता, त्या उजेडात आधी फक्त पाठ दिसली, कौलासारखी. मग मुस्कट मातीवरून सरकत आलं, सूं सूं करत. डोळे जवळजवळ मिटलेले, सगळा कारभार नाकाचा. ढेकळाशी थांबलं. पुढच्या पायाचं मधलं नख फटीत घातलं, एक झटका, आणि खपली उडाली. मग जीभ. मी तिला जीभ म्हणालो नसतो. चिकट, ओली, दोरीसारखी गोष्ट भोकात गेली, आली, गेली, आली. मोजता येईना. लंगडा पाय त्यानं बाजूला फाकवून ठेवला होता आणि शेपटीवर भार घेतला होता. सतरा मिनिटं ते खात होतं. मी घड्याळ बघून सांगतो, कारण त्या सतरा मिनिटांत मी श्वास धरून होतो असं मला आजही वाटतं.

सकाळी वजन नऊ किलो शंभर. कालच्यापेक्षा पन्नास ग्रॅम कमीच. म्हणजे खाल्लं, पण पुरलं नाही. एका ढेकळानं त्याचं काय होणार? रानात ते रात्रभर फिरून जागोजाग चरतं. तेवढं अन्न रोज खणून आणायचं तर ओढ्याकाठची सगळी वारुळं आम्हीच संपवली असती.

त्याच सकाळी दुसरी कटकट उभी राहिली. पहिल्या दिवशी काढलेला एक फोटो गावाच्या नावासकट फिरत होता. अप्पांच्या मुलाला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या माणसानं नाव सांगितलं नाही, फक्त विचारलं, ‘किती किलोचं आहे?’ या प्राण्याच्या खवल्यांना औषधी गुण आहेत, त्याच्यामुळे पैशांचा पाऊस पडतो, असल्या बाजारगप्पांवर चालणारी ही टोळकी असतात. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर आठही जातींसाठी पूर्ण बंदीचा ठराव झाला, पण फोन करणाऱ्याला त्याचं काय? मुलानं शहाणपणानं नंबर वनखात्याला दिला.

वजन अटीच्या जवळ आलेलं, आणि खोली आता सुरक्षित नाही. डॉक्टरांनी जखम पुन्हा बघितली, कोरडी होती, कडेनं खपली धरत होती. त्यांनी दोन-तीन दिवस काम करणारं इंजेक्शन दिलं आणि हिरवा कंदील दाखवला.

सोडायचं कुठं, यावर मात्र वाद झाला. अभयारण्यात आत नेऊन सोडावं असं एक मत. माझं म्हणणं होतं की जवळच सोडावं, त्याला त्याची बिळं माहीत असतील. वनरक्षक म्हणाले, जवळ म्हणजे फासांजवळ. शेवटी मधला मार्ग निघाला: त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, शेतापासून साधारण चार किलोमीटर आत, जिथं ताजं खणलेलं दिसलं होतं. चौथ्या रात्री साडेदहाला गोणपाट उघडलं. अर्धा तास ते गोळाच राहिलं. मग उलगडलं, आमच्याकडे न बघता उतारावरून खाली गेलं. पुढचे पाय नखं दुमडून टाकत, लंगडत.

काय झालं

तिथं सहा रात्री कॅमेरा लावला होता. दुसऱ्या रात्रीच्या एका चौदा सेकंदांच्या चित्रफितीत ते आडवं जाताना दिसतं. डावा मागचा पाय टेकवतं, पण जपून. नंतर काही नाही. अकरा दिवसांनी खालच्या अंगाला एका वारुळाला ताजं भगदाड दिसलं. ते याच प्राण्याचं की दुसऱ्या कोणाचं, हे भगदाडावरून सांगता येत नाही.

पंचनाम्यात ‘वायरीत अडकलेला आढळला’ एवढंच आलं. फास कोणाचा, हे निघालं नाही.

पुन्हा वेळ आली तर

पहिली गोष्ट फोनची. अप्पांनी बांधावर घालवलेला अर्धा तास आणि मग मला केलेला फोन, यामागे एकच प्रश्न होता: कळवणाऱ्याला आरोपी धरतील का? वनरक्षकांनी पुढे गावसभेत उभं राहून सांगितलं, कळवणाऱ्याचं नाव आधी साक्षीदार म्हणून लिहितो. हे आधी सांगितलं असतं तर प्राणी सहाला सुटला असता. चिपळूणजवळच्या डुगवे गावात याच प्राण्याचा खवलोत्सव होतो, पालखी निघते. आमच्याकडे तसं काही रुजेल का, शंका आहे. ग्रामदैवताचा मान वेगळा, केळीतल्या नुकसानीचा राग वेगळा. पण निदान भीती कमी करता येते.

दुसरी गोष्ट माणसांची. पहिल्या सकाळी तिथं चाळीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाच उत्तर माहीत होतं. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलंही होतं, ‘कोणाला माहीत आहे का, हे काय खातं?’ तो गप्प राहिला, कारण प्रश्न चुकीच्या जागी होता. आज मी वनरक्षकांना थोडं लांब पाठवून, बिडी पेटवायच्या निमित्तानं, एकेकाशी बोललो असतो.

पेजेबद्दल मला स्वतःला माफ करणं जड जातं, पण खरं सांगायचं तर पुन्हा तसाच प्रसंग आला तर हात आधी फोनकडेच जाईल. फरक एवढाच करीन की शोधताना प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकीन, धंद्याचं नाही. आणि पहिल्या तासातच अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला फोन लावीन, प्राणी पाठवायचा असो वा नसो.

ताब्यात ठेवणं बरोबर होतं का, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून जुळत नाही. ते म्हणतात, पहिलं इंजेक्शन दिल्यावर त्याच रात्री सोडलं असतं तर जखम चिघळली असती. मी म्हणतो, तीनशे ग्रॅम वजन, दोन उपाशी रात्री आणि तो फोन टळला असता. दोघांकडेही तोच एक प्राणी आहे, पडताळायला दुसरा नाही.

आठवड्यानं अप्पा, सालदार, वनरक्षक आणि माझे सहा विद्यार्थी असे आम्ही बांधाबांधानं फिरलो आणि क्लच वायरचे सात फास उपटले. तिघं शेतकरी आम्हाला बघून घरात गेले. आठवा फास अप्पांच्या मुलाला दिवाळीच्या पाडव्याला सापडला, त्यांच्याच बांधावर, नवीन वायरीचा.